कन्सिनिटी म्हणजे पाणी

आमच्या इंग्रजीच्या मॅडमना पॅरालिसिसचा झटका आला तेव्हा त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. काही दिवसांनी वाचा परत आली, पण एका शब्दापुरतीच. तो शब्द ‘पाणी’ नव्हता, ‘आई’ नव्हता, कुठल्या देवाचं नावही नव्हतं. तो होता ‘कन्सिनिटी’. इंग्रजी शिकवण्यात जन्म घालवलेल्या माणसांनाही हा शब्द क्वचितच भेटतो. मॅडमना मात्र त्यानंतर काही महिने जे काही मागायचं, नाकारायचं, विचारायचं होतं ते सगळं त्या एका शब्दात भागवावं लागलं. मी त्या काळात रोज त्यांच्याकडे जात होते. माणसाच्या आत भाषा कुठे आणि कशी ठेवलेली असते हे मला आजही कळलेलं नाही, पण ती काय चीज आहे ते मी त्या घरात पाहिलं.

मी नाशिकजवळच्या मखमलाबादची. आमच्याकडे गुलाब, शेवंती आणि थोडा भाजीपाला. पहाटे आई आणि काका टेम्पोत बसून गंगेवर, म्हणजे गोदाकाठच्या बाजारात, माल घेऊन जायचे, आणि मी आवरून सायकलनं कॉलेजला. नव्वदीच्या सुरुवातीचे दिवस. आमच्या घरात इंग्रजी घेऊन बी.ए. करणारी मी पहिलीच.

“इंग्रजी शिकून करायचं काय?” काका विचारायचे.

“बोलायचं.”

“कुणाशी?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण मॅडमच्या तासाला बसलं की उत्तराची गरज वाटायची नाही. त्या तेव्हा पंचेचाळिशीच्या आसपास असतील. लग्न केलेलं नव्हतं. गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला एका फ्लॅटमध्ये एकट्या राहायच्या. खळ घातलेली सुती साडी, हातात एक घड्याळ, बाकी काही नाही. मराठी बोलायच्या तीही इतकी स्वच्छ आणि तोलून की आम्ही सगळ्यांनी त्यांना पुण्याच्या ठरवून टाकलं होतं. त्यांनीही आमची समजूत कधी दुरुस्त केली नाही.

दुसऱ्या वर्षाला त्या आम्हाला गद्यशैली शिकवायच्या. एकदा तास संपत आला असताना त्यांनी फळ्यावर तो शब्द लिहिला आणि ‘सि’वर जोर देऊन दोनदा उच्चारला. आम्ही उतरवून घेतला.

“डिक्शनरीत एलिगन्स असा अर्थ मिळेल,” त्या म्हणाल्या. “तेवढ्यावर थांबू नका. एलिगन्स एकट्या वस्तूत असू शकतो. बांधावर उभा असलेला बगळा एलिगंट असतो, त्याला दुसरं काही लागत नाही. या शब्दाला एकापेक्षा जास्त गोष्टी लागतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ नीट जुळवलेलं, असा आहे. वाक्यातले शब्द, घरातल्या खिडक्या, पानात वाढलेले पदार्थ. प्रत्येक जण आपल्या जागी, आणि सगळे मिळून एक. त्या मिळून येण्याला हा शब्द आहे.”

मग त्यांनी आम्हाला मराठी शब्द विचारला. आम्ही सौष्ठव म्हणालो, लालित्य म्हणालो, कुणी डौल म्हणालं. प्रत्येक शब्द त्या हातात घेऊन पाहावा तशा थांबून पाहायच्या आणि मान हलवायच्या. डौल चालीत असतो. लालित्यात नाजूकपणा आला, तो इथे असेलच असं नाही. शेवटी त्याच म्हणाल्या, “बांधेसूद हा बराच जवळ येतो. पण बांधेसूद शरीराला म्हणतात, लेखाला म्हणतात. जेवणाच्या ताटाला आपण बांधेसूद म्हणत नाही. याला म्हणता येईल.”

एका शब्दापाशी कुणी एवढा वेळ थांबू शकतं हेच मला नवीन होतं. आमच्याकडे शब्द म्हणजे काम सांगण्याची वस्तू. हे तर कुणीतरी रत्न उजेडात फिरवून दाखवावं तसं होतं.

त्या म्हणाल्या, “आता आठवडाभर नाशकात फिरा आणि मला कन्सिनिटी शोधून आणून द्या. एक अट आहे. नक्की सापडली असेल तरच हा शब्द वापरायचा. उधळायचा नाही. काही शब्द वापरून गुळगुळीत होतात. याचं अजून तसं झालेलं नाही, ते तुमच्या हातून होऊ देऊ नका.”

पुढच्या तासाला सगळे काही ना काही घेऊन आले. एकानं सिनेमातल्या नटीचं नाव घेतलं, वर्ग हसला, मॅडमही हसल्या आणि म्हणाल्या की ती सुंदर आहे, आणि सुंदरला शब्दांचा तुटवडा नाही. इगतपुरीहून रोज गाडीनं येणारा एक मुलगा होता, त्याचे वडील रेल्वेत. तो म्हणाला की त्यांच्या स्टेशनात इंजिन बदलताना नवं इंजिन इतक्या हलके येऊन टेकतं की डब्यातल्या कपातला चहा हिंदकळत नाही. मॅडमचे डोळे चमकले. “हे जवळ आहे. पण हे कसब झालं. जोडल्यानंतर गाडी कशी दिसते, ते सांगा.” त्याला सांगता आलं नाही. मी रांगोळी म्हणाले. “कुणाची? कुठली? तुम्ही स्वतः काय पाहिलंत?” त्यांनी विचारलं, आणि मी खाली बसले. त्या वर्षी कुणाचंच उत्तर मान्य झालं नाही. त्यांनी रागही धरला नाही. शोधत राहा, एवढंच म्हणाल्या.

कॉलेज संपलं, मी बी.एड. केलं आणि शहरातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवू लागले. मॅडमकडे जाणं सुटलं नाही. सुट्टीच्या दिवशी घरची शेवंती घेऊन जायचे, त्या चहा करायच्या, आम्ही पुस्तकांबद्दल बोलायचो. तो शब्द आमच्या बोलण्यात पुन्हा कधी आला नाही. अट त्या स्वतःही पाळत असाव्यात.

नवं शतक नुकतंच लागलं होतं. पावसाळा संपता संपता त्यांच्या शेजाऱ्यांचा शाळेत फोन आला. मॅडम स्वयंपाकघरात पडल्या होत्या, त्यांना दवाखान्यात हलवलं होतं. मी पोचले तेव्हा त्या कॉटवर डोळे उघडे ठेवून पडल्या होत्या. चेहऱ्याची उजवी बाजू ओघळल्यासारखी. मला त्यांनी ओळखलं हे नजरेवरून कळलं. त्यांनी तोंड उघडलं आणि त्यातून नुसता श्वास आला.

कॉटशेजारी एक वयस्क बाई बसल्या होत्या. कपाळ मोकळं, हिरवट नऊवारी, पायांना शेतातल्या भेगा. त्या मॅडमच्या थोरल्या बहीण निघाल्या. सटाण्याच्या पुढच्या एका गावाहून मिळेल त्या गाडीनं आल्या होत्या. मॅडमना बहीण आहे हेच मला माहीत नव्हतं. मी त्यांना मावशी म्हणू लागले.

घरी आणल्यावर काही दिवसांतच ते घडलं. दुपारी शाळा सुटल्यावर मी गेले होते. मावशी कपडे वाळत घालत होत्या. मॅडमनी डाव्या हातानं टेबलावरच्या तांब्याकडे बोट केलं आणि अगदी स्वच्छ, ‘सि’वर योग्य तो जोर देऊन म्हणाल्या, “कन्सिनिटी.”

इतक्या वर्षांनी, त्या आवाजात, तो शब्द. क्षणभर मला वाटलं, मॅडम परत आल्या. आता त्या पुढचं वाक्य बोलतील. पण त्या तांब्याकडे बोट दाखवत राहिल्या आणि पुन्हा तोच शब्द म्हणाल्या, जरा जोरात. मी पाणी दिलं. त्या प्यायल्या. त्यांना पाणी हवं होतं.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांना फारसं आश्चर्य वाटलं नाही. त्यांनी समजावलं की अशा आजारात माणसाला ऐकलेलं सगळं कळू शकतं, बुद्धी शाबूत असते, पण शब्द हाताला लागत नाहीत. कधी कधी एखादाच शब्द उरतो आणि प्रत्येक वेळी तोच बाहेर पडतो. त्यांच्या एका पेशंटकडे फक्त ‘चला’ राहिला होता.

“पण हाच शब्द का?” मी विचारलं.

“ते कुणालाच सांगता येत नाही,” डॉक्टर म्हणाले. “तुम्ही त्यांच्याशी भरपूर बोला. चुकलं तरी दुरुस्त करू नका.”

घरी येताना मी त्याचाच विचार करत होते. आयुष्यभरात त्या लाखो शब्द बोलल्या असतील. रोज सकाळी दूधवाल्याशी, रिक्षावाल्याशी, वर्गात आमच्याशी. ते सगळे वाहून गेले, आणि ज्याला त्यांनी इतकं जपून ठेवलं होतं तो एकटा मागे उभा राहिला. मला ते भीतिदायकही वाटलं आणि देवघरासमोर उभं राहिल्यासारखंही.

मावशींना मात्र वेगळीच शंका होती. एकदा त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि आवाज खाली आणून विचारलं, “पोरी, खरं सांग. ही कन्शिनटी कोण बाई हाय?”

“बाई?”

“दिवसभर तिचंच नाव घेती. मी इतकी जवळ बसते, माझं नाव नाय घेत. कोणी मैत्रीण हाय का? बोलावून घेऊ तिला. मला काय वाईट नाय वाटणार.”

त्यांना वाईट वाटलेलं होतं हे दिसत होतं. मी म्हणाले, “मावशी, ते बाईचं नाव नाही. इंग्रजी शब्द आहे.”

“मग त्याचा अर्थ काय?”

मी सांगायला लागले. पुष्कळ गोष्टी एकमेकींशी अशा जुळून येतात की त्यातलं काही काढावंसं वाटत नाही आणि वर काही घालावंसं वाटत नाही, सगळं मिळून एक देखणं होतं, त्याला म्हणतात. मावशींनी नीट ऐकून घेतलं. मग त्यांनी दारातून आतल्या खोलीकडे पाहिलं. औषधांच्या बाटल्या, कॉटखाली भांडं, दोरीवर ओल्या चादरी, आणि मधे त्यांची धाकटी बहीण, निम्मं अंग हरवलेली.

“इथं तर काहीच तसं नाय,” त्या म्हणाल्या. “मग हिला हाच कुठून सापडला?”

मी आत जाऊन दोरीवरच्या चादरी सारख्या करू लागले.

हळूहळू आम्हाला तो शब्द ऐकता यायला लागला. शब्द एकच, पण मॅडमचा गळा शाबूत होता, आणि गळ्यात किती काय असतं ते तेव्हा कळलं. शेवट उचलून म्हटलं की ‘हे काय आहे?’. सपाट आणि तुटक म्हटलं की ‘नको’. पहिलं अक्षर लांबवलं की खिडकी उघडा. पाण्यासाठीचा घाईचा होता, चहासाठीचा मऊ. मी शाळेतल्या गमती सांगत असले आणि त्यांना पुढचं ऐकायचं असलं की शब्द हळूच पुढे सरकवायच्या, जणू ‘मग?’. दुखत असलं की तो मधेच मोडायचा. मी इंग्रजीची शिक्षिका, वर्गात एका शब्दाचे दोन अर्थ सांगून मुलांना चकित करायचे. इथे एका शब्दानं अख्खं घर चालत होतं.

पण मॅडमना ते सोसत नव्हतं. आपल्या तोंडून काय बाहेर पडतंय हे त्यांना ऐकू येत होतं. एकदा मावशी त्यांना कॉटखालचं भांडं देत होत्या. मॅडमनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तोच शब्द आला, आणि मी त्यांचा चेहरा पाहिला. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि डाव्या हातानं स्वतःचं तोंड दाबून धरलं. मला वर्गातली अट आठवली. कुणी उधळू नये म्हणून सांभाळलेला शब्द त्यांना भांड्यासाठी खर्च करावा लागत होता.

त्यानंतर त्यांनी बोलणंच बंद केलं. काही हवं असलं तर बोट करायच्या, नाही समजलं तर सोडून द्यायच्या. मी समजावून पाहिलं. म्हणाले, “मॅडम, बोला. डॉक्टरांनी सांगितलंय. शब्द काय, कुठलाही चालेल.” त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचा हात अंगाखाली अडकला होता. मी पुसलं.

असे बरेच दिवस गेले. घर इतकं शांत झालं की बाहेरच्या भाजीवाल्याची हाळी आत घुमायची. शेवटी एका सकाळी, रविवार होता म्हणून मी लवकर गेले होते, मावशी चहाचे कप घेऊन आल्या. एक कप मॅडमपुढे धरला आणि अगदी सहज म्हणाल्या, “घे, कन्शिनटी घे. गरम हाय.”

मॅडमनी चमकून पाहिलं.

मावशी माझ्याकडे वळल्या. “तुला देऊ का गं? साखर घातलेली कन्शिनटी हाय.”

मला काय करावं सुचेना. हे मॅडमच्या मनाला लागेल, असं वाटलं. पण मावशींचा चेहरा गंभीर होता, चेष्टेचा मागमूस नव्हता. मी म्हणाले, “द्या. आणि थोडी कन्सिनिटी पण द्या, बुडवून खायला.” मावशींनी खारी पुढे केली. मग त्यांनी कॉटवरची उशी उचलली, नाकाशी नेली आणि म्हणाल्या, “या कन्शिनटीला धुवायला झालंय.”

मॅडमच्या घशातून एक आवाज आला. मी घाबरून उठले. त्या हसत होत्या. तोंड एकाच बाजूला वर जात होतं, दुसरी बाजू तशीच लोंबत होती, पण डोळे पूर्ण हसत होते. हसता हसता त्या म्हणाल्या, “कन्सिनिटी!” आणि त्यांच्या त्या उच्चारात पुष्कळ दिवसांचा कोंडलेला श्वास मोकळा झाला.

त्या दिवसापासून आम्ही तिघी तो शब्द वापरू लागलो. मावशींचा ‘कन्शिनटी’, माझा वर्गातला, आणि मॅडमचा सगळ्या अर्थांचा. शेजारच्या वहिनी एकदा विरजण मागायला आल्या तेव्हा आम्ही तिघी एकाच शब्दात गप्पा मारत होतो. त्या दारातच थांबल्या. त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे.

थंडी पडली. नाशकात थंडीत मटार स्वस्त होतो आणि आमच्याकडून तर पोत्यानंच यायचा. एका दुपारी मी गेले तेव्हा मॅडम खुर्चीत बसल्या होत्या, मावशी शेजारी पाटावर, मधे सूप. मॅडमचा डावा हात तेवढा चालत होता, आणि एका हातानं शेंग सोलता येत नाही. मावशींनी त्यावर तोड काढली होती. मॅडमनी शेंग देठाशी धरायची, मावशींनी उजव्या हातानं ती चिरडून उघडायची आणि अंगठा फिरवायचा. दाणे सुपात पडायचे. मॅडमनी साल टाकायचं, पुढची शेंग उचलायची. मावशी स्वतःचा डावा हात वापरतच नव्हत्या. तो मांडीवर निवांत पडला होता. दोन बायकांचे मिळून दोन हात, आणि ते इतक्या लयीत चालले होते की कुणाचा कुठला हे मला दारातून वेगळं करता येईना. त्यात घाई नव्हती, बोलणं नव्हतं. खिडकीतून ऊन सुपात पडलं होतं.

मी चप्पल काढायची विसरून तशीच उभी राहिले.

मॅडमनी मला पाहिलं. मग आपल्या हाताकडे पाहिलं, बहिणीच्या हाताकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, “कन्सिनिटी.”

घाईचा नाही, मऊ नाही, शेवट उचललेला नाही. आमच्या ओळखीच्या कुठल्याच सुरात तो बसत नव्हता. कदाचित त्यांना मी आत यावं असं म्हणायचं असेल. कदाचित शेंगा संपत आल्या असतील. किंवा त्या दिवशी तो शब्द त्याच्या स्वतःच्या अर्थानं बाहेर पडला असेल. मी विचारलं नाही, विचारून उत्तरही त्याच शब्दात आलं असतं. चप्पल काढून मी सुपाशी जाऊन बसले.

पुढचं वळण आणखीच अनपेक्षित होतं. संक्रांत होऊन गेली होती. मावशी ओट्याशी भाकऱ्या थापत होत्या आणि मी मॅडमना वर्तमानपत्र वाचून दाखवत होते. आत काहीतरी मोठ्यानं पडलं. मांजरानं दुधाचं पातेलं पाडलं होतं. आणि मॅडम खुर्चीतून ओरडल्या, “काय शे?”

मावशी पिठाच्या हातानं दारात आल्या.

“काय म्हनी तू?” त्यांनी विचारलं.

मॅडमही गोंधळल्या होत्या. ओठ हलले, थांबले. मग पुन्हा, अगदी सावकाश, “काय... शे?”

मावशी रडायला लागल्या. ती अहिराणी होती, त्यांच्या गावची, त्यांच्या आईची भाषा. ‘आहे’ला ‘शे’ म्हणणारी. आम्ही ज्यांना पुण्याच्या समजत होतो त्या आमच्या मॅडम लहानपणी दुसरं काही बोलतच नव्हत्या.

“सटाण्याला शाळेत घातलं तवा पोरी हसायच्या तिला,” मावशींनी मला नंतर सांगितलं. “मग तिनं आमचं बोलणंच सोडलं. घरी आली तरी पुस्तकासारखं बोलायची. आई म्हणायची, ही पोर पाहुणी झाली. आई गेली तवा पण ही पुस्तकासारखीच रडली.”

एकदा वाट सापडल्यावर शब्द येऊ लागले. “माले पानी दे.” “आठे बठ.” म्हणजे इथे बस. मी तिथे बसायचे आणि मला कॉलेजातल्या मॅडम आठवायच्या, आणि या दोन बाया एकच आहेत यावर विश्वास ठेवायला वेळ लागायचा. सगळ्यात वर रचलेली भाषा जणू पुराच्या पाण्यानं ओढून नेली होती, आणि तळाशी, इतकी वर्षं कुणी हात न लावलेलं, ते कोरडं ठणठणीत सापडलं होतं. मावशी दिवसभर त्यांच्याशी बोलत राहायच्या. उन्हाळ्यापर्यंत मराठीही आली, तुटक आणि अहिराणीत मिसळलेली. इंग्रजी फारच थोडं आलं. बुक, विंडो, थँक यू.

आणि या सगळ्या गर्दीत तो शब्द कधी गेला ते आमच्या लक्षातच आलं नाही. लक्षात आलं तेव्हा कैऱ्या आल्या होत्या. मी म्हणाले, “मॅडम, तुमचा तो शब्द बऱ्याच दिवसांत ऐकला नाही.”

“कोणता?”

“कन्सिनिटी.”

त्यांनी मान तिरकी करून ऐकला, अनोळखी पक्ष्याचा आवाज ऐकावा तसा. स्वतः म्हणायचा प्रयत्न केला. ‘कन्’पाशी जीभ अडली, पुढे जाईना. मग त्यांनी विचारलं, “अर्थ काय?”

मी सांगितला. बगळा सांगितला, ताट सांगितलं, लॅटिन मूळ सांगितलं, बांधेसूद हा जवळ येतो पण पुरत नाही हेही सांगितलं. त्या लहान मुलीसारख्या माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. हे सगळं मी त्यांच्याकडून शिकले हे सांगायचा मला धीर झाला नाही.

“चांगला शब्द शे,” त्या म्हणाल्या. मग विचारलं, “तुले कोनी शिकाडा?”

तुला कुणी शिकवला? मी म्हणाले, “कॉलेजात, एका मॅडमनी.”

“हुशार व्हती ती,” त्या म्हणाल्या, आणि हसल्या. ते हसू पाहून मला शंका आली की त्यांना सगळं आठवतंय. पण त्यांनी लगेच कैरीची फोड मागितली.

पुढच्या वर्षी मावशी त्यांना गावी घेऊन गेल्या. फ्लॅट विकला. पुस्तकांतली बरीच कॉलेजच्या लायब्ररीत गेली, थोडी माझ्याकडे आली. मी दिवाळीच्या सुट्टीत एकदा एस.टी.नं त्यांच्या गावी गेले. सटाण्यावरून पुढे डाळिंबाच्या बागा सुरू झाल्या, मग कांद्याची रोपं. त्यांचं घर रस्त्याला लागूनच होतं. मॅडम ओट्यावर बसून शेजारच्या बायकांबरोबर भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या, डाव्याच हातानं फरशीवर दाबून. खळ नसलेली साधी साडी, हातात काचेच्या बांगड्या. कुणाच्या तरी सुनेबद्दल बोलणं चाललं होतं आणि मॅडमना त्याबद्दल ठाम मत होतं. मी अंगणात उभी राहून ऐकत होते. त्या आवाजात एवढा मोकळेपणा मी कधी ऐकला नव्हता.

जेवायला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि ठेचा होता. मावशी आग्रह करकरून वाढत होत्या. बाजूच्या खोलीत एका कोनाड्यात इंग्रजी पुस्तकं होती, आणि मॅडमनी त्यातलं एक उघडून मला दाखवलं. वाचता येतं का, विचारल्यावर म्हणाल्या, “वास घेस,” आणि पान नाकाशी नेलं.

निघताना त्या काठी टेकत रस्त्यापर्यंत आल्या. एस.टी.ची वाट पाहत आम्ही बाभळीखाली उभ्या होतो. त्यांनी विचारलं, परत कधी येशील? मला वाटलं, त्यांच्याच भाषेत उत्तर द्यावं. दिवसभर कान देऊन ऐकलं होतंच. मी म्हणाले, “उन्हाळ्यात मी परत येस.”

मॅडमनी काठी जमिनीवर आपटली.

“येस नही,” त्या म्हणाल्या. “येस म्हंजे आत्ता. उन्हाळामा येसू. सू. म्हन.”

“येसू,” मी म्हणाले.

“आखो एकदाव.”

“येसू.”

गाडी आली तेव्हा कंडक्टर दार धरून उभा होता, आणि त्या मला तिसऱ्यांदा म्हणायला लावत होत्या.